दिवसाची वीज, रात्रीची वीज

ऊर्जा आणि हवामान या विषयावर आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न आज घेतले आहेत. पहिलं पत्र वाचून दोन दिवस चैन पडली नाही, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : आमचं तीन एकर बागायत आहे. आठवड्यातले काही दिवस मोटार चालवणारी थ्री फेज लाइट रात्रीच येते. मुलगा रात्री एक वाजता पाण्याची दारं धरायला उसात जातो, आणि तिकडे बिबट्या आहे. मोटार आहेच, पण सौर पंप घ्यावा का? – एक वाचिका, जुन्नर तालुका

ताई, मी नोकरीला लागलो तेव्हा उपकेंद्रातल्या फळ्यावर शेतीच्या फीडरचं, म्हणजे शेतांकडे वीज नेणाऱ्या वाहिनीचं, वेळापत्रक खडूने लिहायचो. या आठवड्यात दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री. रात्री कोण अंधारात चिखल तुडवत जाणार आहे, हे लिहिताना माझ्या मनातही येत नसे. आज त्याचं वाईट वाटतं.

शेतीला रात्रीची वीज का, त्याचं कारण कोळशावर वीज बनवणाऱ्या संचात आहे. त्याचा बॉयलर एकदा पेटला की रोज रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही. गार झालेला संच पुन्हा पूर्ण जोरावर यायला कितीतरी तास लागतात. दिवसा कारखाने, दुकानं, कार्यालयं वीज ओढत. रात्री मागणी उतरली की चालू संचांची वीज कुठेतरी खपवायची असे, आणि ती शेतकऱ्याच्या माथी मारली जाई.

सूर्याने हे गणित उलटं केलं आहे. आता सगळ्यात स्वस्त वीज भर दुपारी मिळते, म्हणजे शेताला पाणी द्यायचं ते दिवसाच.

तुमच्याकडे विजेचं कनेक्शन आहे, त्यामुळे 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना तुमच्यासाठी नाही. ज्यांच्याकडे कनेक्शनच नाही त्यांना त्यात 90 टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना 95 टक्के अनुदान मिळतं. कर्ज काढून स्वतःचा सौर पंप बसवण्याची घाई करू नका. तुम्ही मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची चौकशी करा. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीचा अख्खा फीडर दिवसा त्यावर चालवायचा, अशी ही योजना. 2017 मध्ये राळेगणसिद्धीतून सुरुवात झाली, दुसऱ्या टप्प्याचं उद्दिष्ट 16,000 मेगावॉटचं आहे. वीजबिलावरून आपल्या फीडरचं नाव काढा, उपविभागीय कार्यालयात जा आणि 'आमचा फीडर सौरवर कधी येणार' असं लेखी विचारा. एकट्या जाऊ नका, एका डीपीवरचे (ट्रान्सफॉर्मरवरचे) सगळे मिळून जा. तोंडी विचारलेलं हवेत विरतं.

एक काळजीही सांगतो. दिवसभर वीज मिळाली की मोटार बंद करायचं लक्षात राहत नाही आणि विहीर तळ गाठते. ठिबक नसेल तर तो खर्च आधी करा.

प्रश्न : सौर वीज इतकी स्वस्त आहे, तर आमच्या इथलं औष्णिक केंद्र बंद का करत नाहीत? घराच्या खिडकीत राख येते. – नववीतला विद्यार्थी, चंद्रपूर

तुझ्या खिडकीतली राख हाच खरा प्रश्न आहे. आपल्याकडच्या कोळशात साधारण 30 ते 40 टक्के राखच असते. 500 मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला साडेसात-आठ हजार टन कोळसा खातो, म्हणजे दोन अख्ख्या मालगाड्या. यावरून किती राख निघत असेल याचा हिशोब तूच कर. चंद्रपूर केंद्राची क्षमता 2,920 मेगावॉट आहे, राज्य सरकारच्या महानिर्मिती कंपनीचं सर्वांत मोठं औष्णिक केंद्र. उभ्या महाराष्ट्राचे दिवे लागतात आणि राख तुमच्या वाट्याला येते, हे मला अन्यायाचंच वाटतं.

तरी ते उद्या बंद करता येणार नाही. संध्याकाळी सातला तुझ्या घरी काय काय चालू असतं ते बघ : दिवे, पंखे, कुलर, टीव्ही. त्या वेळी सूर्य मावळलेला असतो. देशाच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा 2025 मध्ये बिगरजीवाश्म स्रोतांचा, म्हणजे कोळसा-तेल-वायू सोडून बाकीच्यांचा, झाला, पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजूनही कोळसाच सर्वांत पुढे आहे. क्षमता असणं वेगळं आणि सातच्या ठोक्याला वीज हजर असणं वेगळं.

दुपार साठवून संध्याकाळी वापरायची, यावर सगळं अडलंय. त्यासाठी बॅटऱ्या आहेत, आणि सह्याद्रीची उंचीही आहे. घाटघरला 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प 2008 पासून आहे. वीज जास्त असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपाने वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच पाणी सुमारे चारशे मीटर खाली सोडून वीज काढायची. चार युनिट घातले तर साधारण तीन परत मिळतात. एक जातं, पण वेळ बदलून मिळते. कोयनेचे पाण्यावर चालणारे संचही काही मिनिटांत सुरू होतात, म्हणून संध्याकाळच्या मागणीला ते धावून येतात. अशी साठवण जितकी वाढेल तितके जुने संच एकेक करून बंद करता येतील. तोवर राख अडवणाऱ्या यंत्रणा नीट चालल्याच पाहिजेत. त्याला कसलीच सबब चालणार नाही.

प्रश्न : इलेक्ट्रिक स्कूटर शेवटी कोळशाच्याच विजेवर चालते ना? मग उपयोग काय? – एक वाचक, नागपूर

उपयोग आहे. पेट्रोलच्या इंजिनात बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, विजेच्या मोटारीत बहुतेक ऊर्जा चाकापर्यंत पोचते. त्यामुळे आजच्या विजेवरही स्कूटरचा हिशोब पेट्रोलपेक्षा बरा बसतो. ती दुपारी चार्ज केलीत तर आणखी बरा.

प्रश्न : सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीच्या पुरात आमची माती वाहून गेली. वडील म्हणतात, 72 चा दुष्काळही पाहिला, निसर्ग आहे, चालायचंच. हे खरंच हवामान बदलामुळे झालं का? – एक वाचक, परांडा

वडिलांची आठवण खरी आहे. दुष्काळ आणि पूर पूर्वीही होते, आणि कुठल्याही एका पुराकडे बोट दाखवून 'हा धुरामुळेच' असं मी म्हणणार नाही. पण हवा बदलली आहे, ते मोजलेलं आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 भाग होते, आता ते 420 च्या वर गेले. त्याने हवा तापते. हवा एक अंश तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते, आणि पाऊस पडायला लागला की ते सगळं एकदम ओतते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या 2017 च्या अभ्यासात, मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं दिसलं. म्हणजे वडिलांनी जे आयुष्यात एखाद्या वेळी पाहिलं, ते तुम्हाला पुन्हापुन्हा पाहावं लागण्याची शक्यता वाढली आहे.

वाहून गेलेली माती वर्षा-दोन वर्षांत परत येत नाही. नुसती गाळाची भर घालून भागणार नाही. बांधावर गवत, ओढ्याकाठी झाडं आणि शेणखत, हे दरवर्षी करावं लागेल. नुकसानभरपाईची मागणी सोडू नका, ती तुमच्या हक्काची आहे.

प्रश्न : सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवायची का? सभासदांत दोन तट पडलेत. – सोसायटीचे सचिव, ठाणे

बसवा. एका किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. म्हणजे 10 किलोवॉटला 1,000 चौरस फूट आणि दिवसाला 40 युनिट. सामाईक वापरासाठी पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे.

विरोध करणाऱ्यांना गच्चीवर घेऊन जा. दुपारी तीनला पाण्याच्या टाकीची सावली कुठवर येते ती खडूने आखा आणि डिसेंबरात पुन्हा बघा, तेव्हा ती आणखी लांब पडते. वॉटरप्रूफिंग आधी उरकून घ्या. पॅनेल पुसायची जबाबदारी करारातच लिहा. फेब्रुवारीत धूळ बसली की उत्पादन घटलेलं मीटरवर दिसतं. आणि पाण्याचा पंप पहाटे पाचऐवजी सकाळी अकराला चालवा. त्यासाठी वॉचमनशी बोलायचं, एवढंच.