तोच फॉर्म शिक्षकांकडूनही भरून घ्या

सत्राअखेर मुलांकडून शिकवण्याबद्दलच्या अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतला की प्राध्यापक म्हणतात मुलं राग काढतात, आणि मुलं म्हणतात काहीच बदलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. दोघांचंही खरं आहे, कारण त्या वेळी दिलेल्या अभिप्रायाचा भरणाऱ्याला काहीच फायदा होत नाही. सत्र १५ आठवड्यांचं असेल तर पाचव्या आठवड्यात फॉर्म घ्या. त्याच दिवशी तोच फॉर्म शिक्षकांनाही द्या आणि विचारा, ‘प्रत्येक प्रश्नाला वर्गातले किती जण हो म्हणतील?’ या दोन आकड्यांतल्या फरकावरच चर्चा करायची.

प्रश्न चार-पाचच हवेत, तेही घडलेल्या गोष्टींबद्दल. ‘शिकवणं कसं वाटलं?’ विचारलं की आवडनिवड कळते. ‘दुसरी असाइनमेंट लिहिण्याआधी पहिलीवरचे शेरे मिळाले होते का?’ असं विचारून बघा. मोठी दरी अनेकदा इथेच सापडते. शिक्षकांनी रात्री जागून शेरे लिहिलेले असतात, पण ते उशिरा पोचतात, किंवा ‘मांडणी विस्कळीत’ वाचून नेमकं काय सुधारायचं ते मुलांना उमगत नाही.

एखाद्या प्रश्नाला १ ते ५ गुण द्यायचे असतील तर सरासरीवर विसंबू नका. ६० पैकी ३० जणांनी ५ आणि ३० जणांनी १ गुण दिला तरी सरासरी ३ येते, आणि ‘ठीक आहे’ म्हणून फाइल बंद होते. अशा वेळी अर्ध्या वर्गाचा पाया कच्चा आहे का, ते आधी तपासा.

वर्गात दहापेक्षा कमी मुलं असतील तर फॉर्म नकोच. कोणी काय लिहिलं ते लगेच ओळखू येतं. त्याऐवजी तो विषय न शिकवणाऱ्या सहकाऱ्याला २५ मिनिटं वर्गात पाठवा, शिक्षकांनी बाहेर थांबावं. तीन-चार जणांचे गट करून कशाची मदत होते, काय अडतं, काय बदलावं हे विचारा आणि बहुतेकांना पटलेले मुद्देच शिक्षकांपर्यंत न्या. मोठ्या वर्गातले लेखी शेरेही अशाच त्रयस्थाने आधी वाचावेत आणि वैयक्तिक शेरेबाजी वगळावी.

आठवड्याच्या आत शिक्षकांनी वर्गात दहा मिनिटं काढून काय बदलणार, काय बदलता येणार नाही आणि का, हे सांगायलाच हवं. कारण न देता नुसता नकार दिला तर पुढच्या वेळी बरेच फॉर्म कोरे येतील. आणि हे निकाल बढतीच्या फाइलला जोडू नका; जोडले की शिक्षक अडचणी कबूल करणं थांबवतात.