गोव्यात बुटीक शॉपिंग पहिल्यांदाच करतेयस ना, मग हे वाच

अगं सगळ्यात आधी, बीचच्या रस्त्यावरच्या दुकानांत पहिल्याच दिवशी पैसे उडवू नकोस, तेच हरेम पँट आणि काफ्तान बुधवारी हणजुणच्या फ्ली मार्केटला मिळतात आणि तिथे भाव करता येतो (सीझनलाच जा, पावसाळ्यात बंद असतं). खरी बुटीकं बघायची तर आसगाव आणि पणजीचं फोंताइन्हास, जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरांमधे दुकानं आहेत, नुसतं फिरायलाही मस्त वाटतं. पण तिथे बहुतेक फिक्स रेट असतो, घासाघीस केलीस तर उगाच तोंड पाडून यावं लागतं, मी आलेय.

घ्यायचंच असेल तर कुणबी साडी बघ, लाल-पांढऱ्या चौकड्यांची, गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सनी ती परत चर्चेत आणली. हातमागाची आहे का ते स्पष्ट विचार, कारण पॉवरलूमचीपण त्याच नावाने खपवतात. लिनन आणि सुती कपडे आटतात म्हणून अगदी अंगाबरोबर घेऊ नकोस. आणि एक्स्चेंजचं पैसे द्यायच्या आधीच विचार हं, मी एकदा पुण्यात येऊन बॅग उघडली तर ड्रेसची चेन तुटलेली, आता त्यासाठी कोण परत गोव्याला जाणार!