वाचकांचे प्रश्न : वंशावळीचा शोध, नोकरी आणि घर

पितृपक्ष सरल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांत घराण्याच्या वंशावळीचा विषय पुन्हा पुन्हा आला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून जुन्या कागदांची चौकशी खेडोपाडी वाढली आहे. पुढील पत्रे मात्र जातीच्या दाखल्यासाठी लिहिलेली नाहीत. दाखल्याचे काम आटोपले, पण ज्यांची जिज्ञासा काही आटोपली नाही, अशा वाचकांची ती आहेत.

प्रश्न : मी अमरावती जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. पाळी दर आठवड्याला बदलते. यजमान शेती करतात. कापूस, तूर आणि सोयाबीन ही आमची पिके. घरी सासूबाई आहेत, मुलगी दहावीत आणि मुलगा सातवीत आहे. भाचीच्या जात पडताळणीसाठी माहेरची वंशावळ जुळवावी लागली, त्या निमित्ताने पणजोबांपर्यंत पोचले आणि त्यांच्यामागे कोण होते हे शोधण्याची ओढ लागली. रात्रपाळी करून आल्यावर मी मोबाईलवर जुन्या नोंदी पाहत बसते. यजमान म्हणतात, ‘पडताळणी झाली, आता हे कशाला?’ सासूबाईंना वाटते की मी माहेरचेच धरून बसले आहे. हा नाद सोडून द्यावा का?

उत्तर : नाद सोडण्याचे कारण नाही, रात्रपाळीनंतर नोंदी पाहणे मात्र आजपासून बंद करावे. जागरण झालेल्या डोळ्यांना घाईने लिहिलेले देवनागरी अक्षरही धड लागत नाही, मग मोडीची गोष्टच सोडा. एक नाव चुकीचे वाचले गेले की माणूस दुसऱ्याच घराण्याच्या मागे लागतो. पाळी उलटल्यावर झोप ही आपल्या नोकरीची गरज आहे, आणि ती मोडून केलेले संशोधन ना घरच्यांना रुचेल, ना ते बिनचूक होईल.

आपल्या पत्रातील यजमानांच्या वाक्यापेक्षा सासूबाईंचे म्हणणे मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण त्यात तक्रार आहे तशी वाटही आहे. पुढचे काही महिने माहेरची वही बाजूला ठेवून सासूबाईंच्या माहेरची वही उघडावी. सरकारी कागदात बाई बहुधा कोणाची तरी पत्नी किंवा बेवा (विधवा) म्हणून येते, तिच्या माहेरचा पत्ता तेथे क्वचितच लागतो. त्यामुळे सासूबाईंच्या आईचे गाव कोणते, त्यांच्या आत्या कोणत्या गावी दिल्या होत्या, कोणाचा पाट (पुनर्विवाह) लागला होता, कोणाचे मूल दगावले, ही माहिती त्यांच्याखेरीज कोठेही मिळणार नाही. दुपारी तूर निवडत असताना त्यांच्या शेजारी बसावे, त्यांच्या परवानगीने मोबाईलवर आवाज मुद्रित करावा आणि एका बैठकीत एकाच माणसाची चौकशी करावी. ‘सगळे सांगा’ असे म्हटले की वृद्ध माणसे गप्प होतात. ‘तुमच्या लग्नात मामांकडून कोण कोण आले होते?’ असे विचारले की थांबत नाहीत. घरातील कुरबूर यानेच निम्मी ओसरेल, असा माझा अंदाज आहे.

आता कागदांविषयी. बदलती पाळी आपल्याला अडचणीची वाटत असेल, परंतु या कामात ती सोय आहे. राज्य शासनाच्या कार्यालयांना फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, त्यामुळे शनिवारी-रविवारी मोकळे असणाऱ्या नोकरदाराला तहसीलचा अभिलेख कक्ष नेहमी बंदच दिसतो. आपली साप्ताहिक सुटी मधल्या वारी येते तेव्हा महिन्यातील अशी एखादी सुटी तहसीलसाठी राखावी, बाकीच्या घरासाठी. जून-जुलैत मात्र तिकडे फिरकू नये. प्रवेशाच्या दिवसांत दाखल्यांसाठी आलेल्या पालकांची तेथे रीघ असते आणि आपल्यासारख्या हौशी माणसाने त्यांच्या रांगेत उभे राहणे बरे दिसत नाही. मार्चअखेरीला वसुलीची धांदल, एप्रिल-मेमध्ये ऊन. पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस त्यातल्या त्यात बरे.

पुष्कळ जण थेट कोतवाल बुकाला, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीला, हात घालतात, कारण पडताळणीत त्याचेच नाव ऐकलेले असते. वेळ थोडा असणाऱ्याने फेरफार नोंदवहीपासून (जमिनीच्या हक्कातील बदलांची वही) सुरुवात करावी, असे माझे मत आहे. कोतवाल बुकातील एका ओळीत एक जन्म किंवा एक मृत्यू असतो. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले असते, बाळाचे नाव नसतेच, कारण बारशापूर्वीच कोतवालाने वर्दी दिलेली असते. आडनावही बहुधा नसते. ‘गोविंदा वल्द महादू’ (महादूचा मुलगा गोविंदा) एका गावात तीन निघतात आणि त्यांतला आपला कोणता हे त्या ओळीवरून कळत नाही. याउलट खातेदार वारल्यावर झालेल्या वारसाच्या फेरफारात एक पिढी एका पानावर सापडते: मयत खातेदार, त्याची बेवा, मुलगे, कधी मुलीही, आणि त्यांच्यासमोर शेताचा नंबर. तो नंबर हाती आला की नामसाधर्म्याचा घोळ मिटतो, कारण तीन गोविंदांचे वावर एकच असू शकत नाही. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरचा गट नंबर झाला असेल, तर दोन्ही टिपून ठेवावेत.

त्या पानावर एखाद्या मुलाच्या नावापुढे ‘अ. पा. क. आई’ असे लिहिलेले आढळले, तर तेथे थांबावे. अज्ञान मुलगा, पालनकर्ती आई, असा त्याचा अर्थ. म्हणजे बाप वारला तेव्हा मूल अठराच्या आत होते. पुढे काही वर्षांनी तोच शेरा कमी केल्याचा दुसरा फेरफार आढळला, तर त्या सुमारास मुलगा सज्ञान झाल्याचे अर्जात सांगितले गेले होते. जन्मनोंद नसलेल्या माणसाचा जन्मकाळ या दोन तारखांवरून बऱ्यापैकी आवळता येतो. हा शेरा काढण्याचा अर्ज लोक पुष्कळदा उशिराच करतात, म्हणून त्याच्यावर पैजेने विसंबू नये. नंतर गावच्या शाळेचे दाखल खारीज रजिस्टर (मुले शाळेत आल्या-गेल्याची नोंदवही) पाहून तारीख ताडून घ्यावी.

यांतले बरेचसे घरबसल्या होते. महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर जुने सातबारा, फेरफार आणि काही ठिकाणी जन्म-मृत्यूच्या नोंदीही पाहता येतात. ज्या जिल्ह्यांपासून ही सोय सुरू झाली त्यांत अमरावती आणि अकोला होते, तेव्हा आपण नशीबवान आहात. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवून, तासाभरापुरते, यजमान घरी असताना हे पाहावे आणि त्यांना कामाला लावावे. कोणत्या वावराला पूर्वी काय म्हणत, धुऱ्याला धुरा कोणाचा होता, विहीर कोणाच्या वाट्याची होती, हे शेतकऱ्याला जसे ठाऊक असते तसे कोणत्याही दप्तरात नसते. जुन्या पानावरचा नंबर पाहून ‘हे तर आंब्याचं वावर’ असे त्यांच्या तोंडून निघाले की त्यांनाही त्यात रस वाटू लागेल. सातवीतल्या मुलाला नावांचा तक्ता काढायला द्यावा. मुलीला बोर्डाची परीक्षा होईपर्यंत यात ओढू नये.

आपल्या व्यवसायामुळे एक नोंदवही आपल्याला विशेष वाचावीशी वाटेल. १९१८ च्या पावसाळ्यानंतर इन्फ्लुएंझाच्या साथीने मध्य प्रांत आणि वऱ्हाडात अतोनात माणसे गेली. त्या वर्षीच्या आश्विन-कार्तिकाची मृत्यूची पाने गावच्या कोतवाल बुकात शाबूत असतील, तर घरातील एकदम नाहीशी झालेली नावे तेथे सापडण्याचा संभव आहे. त्याच्याही मागे जाताना एक मर्यादा ध्यानात असू द्यावी: वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले, आणि त्याआधीचा शोध नोकरी-संसार सांभाळून होणारा नाही. मोडी, फारसी आणि परगावची दप्तरे हे सारे सेवानिवृत्तीनंतरसाठी राखून ठेवावे.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आमचे कुटुंब गोंड. आजोबा मूळ गावी राहतात, त्यांचे वय ८४ आहे. माझे शाळेचे गाव तेथून ६० किलोमीटरवर आहे. शाळा, ऑनलाइन माहिती भरणे, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे यांतून फक्त रविवार मिळतो आणि तोही पत्नी व लहान मुलीला द्यावासा वाटतो. तहसीलमध्ये जाण्यासाठी रजा काढावी की आणखी काही करावे?

उत्तर : रजा काढू नका. आजोबांकडे जा, आणि पत्नीला व मुलीला बरोबर घेऊन जा. म्हणजे रविवार कोणाला द्यावा हा प्रश्नच उरत नाही. पणतीसमोर आजोबा जे सांगतील ते नातवाच्या वहीसमोर सांगणार नाहीत. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा झाला, त्यामुळे जुने कागद काही तालुक्यात, काही गडचिरोलीला तर काही चंद्रपूरला असू शकतात; ते शोधणे हे दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीतले काम आहे. शिक्षकाची सुटी आणि कार्यालयाचा कामाचा दिवस हे तेव्हाच एकत्र येतात. आपल्या बाजूचा मुलूख मालगुजारीचा आणि जमीनदारीचा, म्हणजे गावचा सारा मालगुजार किंवा जमीनदार यांच्यामार्फत भरला जाई. १९५१ मध्ये ती पद्धत मोडली, त्यामुळे वऱ्हाडातल्या नातलगाने सांगितलेले कागदांचे प्रकार आपल्याकडे जसेच्या तसे मिळत नाहीत. बंदोबस्ताची मिसल (जमिनीचा सारा ठरवतानाचे जुने कागद) आणि १९५४-५५ चा अधिकार अभिलेख ही नावे लिहून नेली, तर कारकुनाला आपले काम लवकर कळेल.

आणखी एक सुचवतो. गोंड कुळांच्या पिढ्या परधान या पारंपरिक गायकांनी किंगरी या तंतुवाद्याच्या साथीने गाऊन जपल्या, हे आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक असेल. आपल्या सगाचे (कुळसमूहाचे) परधान कोणत्या गावी आहेत, त्यांच्या घरी आज कोणी गाते का, हा प्रश्न आजोबांना पहिल्याच भेटीत विचारावा. असे कोणी असेल, तर तो रविवार इतर सर्व कामांच्या आधी काढावा. त्यांचे गाणे मुद्रित करण्यापूर्वी विचारावे, रीतीप्रमाणे मान द्यावा, आणि ध्वनिफीत गावभर पाठवू नये. कूळ सहा देवांचे की सात देवांचे, त्याचे मूळ ठाणे कोठले, हे त्या गाण्यात असते. महसुली कागदाला त्याची खबरही नसते. दोन्हींत फरक पडला तर लगेच कागद खरा मानू नये. दोन्ही पाठ शेजारी शेजारी लिहून ठेवावेत.

निवडणुकीच्या कामाबद्दल मी काय सांगणार. ते येते तेव्हा बाकी सारे थांबते.

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात माझे कृषी सेवा केंद्र आहे. घराण्याची वंशावळ लिहावी म्हणून चुलत भावांकडे नावे विचारली, तर ‘जमिनीचे काही आहे का?’ असे विचारून त्यांनी तोंड फिरवले. मोठेबाबा तर बोलायचेच बंद झाले. दुकान सोडून या भानगडीत पडलो म्हणून घरीही बोलणी बसतात.

उत्तर : चुलत भावांचा संशय अगदीच निराधार नाही, हे आधी मान्य करावे. आपल्याकडे वंशावळ हा शब्द कानी पडतो तो एक तर पडताळणीच्या वेळी, नाही तर वाटणीच्या वेळी. त्यातही आत्याबाईंची नावे विचारली की माणसे सावध होतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि वडील त्या तारखेला हयात नसले तरी तो राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितले. खेड्यात हे सर्वांना माहीत आहे. कोणी बोलून दाखवत नाही एवढेच.

तरीही आत्याबाईंची नावे गाळू नका. ती गाळली की तो वंशावळीचा कागद राहत नाही, वारसांची सोयीस्कर यादी होते. करायचे ते एवढेच की पहिल्यांदा मोठेबाबांकडे एकटे जावे, वही आणि मोबाईल दोन्ही घरी ठेवून, आणि आपण काय करतो आहोत ते सांगावे. कोणाचीही सही, आधार क्रमांक किंवा सातबारा मागू नये. मुद्रांक कागद तर दिसताही कामा नये. तक्त्यात शेताचे नंबर आणि एकर लिहू नयेत, ते स्वतःच्या टिपणात ठेवावेत. जेवढे लिहून झाले तेवढ्याची प्रत प्रत्येक चुलत घरी द्यावी, अपुरी असली तरी. चुका दाखवण्यासाठी का होईना, लोक बोलू लागतात. पाट, दत्तक किंवा घर सोडून गेलेल्या माणसांबद्दल जे कळेल ते, संबंधितांची मुले हयात असेपर्यंत, कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर टाकू नये.

वेळेचे म्हणाल, तर मे ते जुलै बियाणे-खतांचे दिवस आणि दिवाळीच्या आसपासचे रब्बीचे दिवस या कामासाठी नाहीतच, असे घरी स्वतःहून सांगून टाकावे. फेब्रुवारीनंतर दुकान सुस्त असते आणि लग्नसराई सुरू होते. आपल्याला नाही तरी प्रत्येक लग्नाला जावेच लागते. तेथे पंगत उठल्यावर मांडवात सावलीला बसलेल्या म्हाताऱ्यांजवळ जाऊन बसावे. सोयरिकी कोणाकडून कोणाकडे झाल्या हे त्या दुपारी कोणीही आनंदाने सांगतो, आणि त्या वेळी जमिनीचे कोणाच्या मनातही येत नाही.