चार वर्षांचा मुलगा 20 किलोचा आहे, सासूबाई म्हणतात ‘बाळसं आहे’. त्याचं जेवण कमी करू का?

जेवण तोडू नका, ताई. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. तुम्ही वजन लिहिलं, पण उंची नाही, आणि सगळं तिथंच अडतं. चार वर्षांच्या मुलाचं वजन साधारण 16 किलो आणि उंची 103 सेंमीच्या आसपास असते. तुमचा चांगला उंच असेल तर 20 किलोची फार चिंता नाही, बुटका असेल तर आहे. अंगणवाडीत दोन्ही मोजून घ्या आणि उंचीच्या मानानं वजन कुठं बसतं ते स्वतःहून विचारा. आमचं सगळं लक्ष सॅम-मॅमच्या, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित लेकरांवर. भरल्या अंगाचं पोरगं काट्यावर चढलं की आम्हालाही बरंच वाटतं!

बाळसं दोन वर्षांपर्यंत ठीक. पुढं पाच-सहा वर्षांपर्यंत लेकरू सडपातळच होत जातं.

वरण-भात, भाकर, आंबाडीची भाजी खाऊन लठ्ठ झालेलं लेकरू मी तरी पाहिलं नाही. खोट असते मधल्या खाण्यात. सकाळी गोड चहात बिस्किटं, आबाजीसोबत दुकानात गेलं की पाच रुपयांचे पोंगे, दुपारी रडू नये म्हणून आणखी एक पुडा. मग जेवायला भूक नसते, आणि आई मोबाइल लावून घास कोंबते. आधी चहा-बिस्किट बंद करा. आबाजीला सुनेनं सांगणं अवघड, ते काम नवऱ्यावर सोपवा; लाड करायचेच तर नातवाला दुकानाऐवजी वावरात न्यावं. घरात पेरू, संत्री, मुरमुरे, उकडलेलं अंडं असू द्या. (अख्खे फुटाणे-शेंगदाणे या वयात नको, घशात अडकतात.) त्याच्या हातानं जेवू द्या, ‘पुरे’ म्हणाला की ताट उचला.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये या वयासाठी दिवसाला तीन तास हालचाल, त्यातला एक तास चांगली पळापळ, 10 ते 13 तास झोप आणि मोबाइल-टीव्ही जास्तीत जास्त एक तास असं सांगितलं आहे. गावात हे जमतं. अडचण आपल्या उन्हाळ्याची: एप्रिल-मेमध्ये पोरं दिवसभर घरात आणि हातात फोन. तेव्हा सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर अंगणात सोडा.

वजन उतरवायच्या मागे लागू नका. ते जवळपास थांबलं तरी पुरे, वर्षाला सहा-सात सेंमी उंची वाढते, तीच हिशोब जुळवते. मात्र मान काळवंडली असेल, झोपेत घोरत असेल किंवा उंचीच वाढत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.