सायकल रेसिंग सोडलेल्या माणसाने नागपुरात इलेक्ट्रिक माउंटन बाइकचा धंदा करावा का? मेडल्सचा काही फायदा होतो का?

करावा. मी तेच करतो. आधी रोड रेस, आता हिंगण्याकडे छोट्या वर्कशॉपमध्ये ई-माउंटन बाइकची जुळणी. मेडल्स बघून मात्र गिऱ्हाईक येत नाही. जुने दोस्त येतात, तेही डिस्काउंट मागायला! कामी येतात ते पाय.

मोटर-बॅटरीच्या स्वस्त किटमधला सेन्सर फक्त पेडल फिरतंय की नाही एवढंच ओळखतो. तुम्ही किती जोर लावताय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. डांबरी रस्त्यावर हे खपून जातं. सुट्या मुरमाच्या चढावर पाय हलवला रे हलवला की मागचं चाक जागीच गरगरतं, आणि अरुंद वळणावर पाय थांबले तरी मोटर क्षणभर ढकलत राहते. टॉर्क सेन्सर पायाचा दाब मोजून त्या प्रमाणात मदत देतो. ती मदत कुठे कमी, कुठे जास्त हवी हे ठरवायला चढ चढून मुरलेले पायच लागतात. माझ्याकडची नवी जुळणी सेमिनरी हिल्सच्या चढावर फिरवल्याशिवाय बाहेर जात नाही.

मोटर शक्यतो पेडलच्या अक्षापाशी बसणारी घ्या. चाकातली हब मोटर स्वस्त पडते, पण गिअर बदलून तिला आराम देता येत नाही. लांब चढावर ती तापते. मधली मोटर गिअरचा फायदा घेते. मात्र चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावरच्या गिअरच्या दातेरी चकत्या) लवकर झिजतात, तेव्हा दोन्हींचा साठा ठेवा.

कायदा सोपा आहे. मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र. मग लायसन्स-रजिस्ट्रेशनची भानगड नाही. 'भाऊ, स्पीड खोलून द्या ना' म्हणणारे येतीलच. त्यांना सरळ नाही म्हणा.

रेसिंगवाले टोमणा मारतील, 'मोटर लावली तर पाय काहून मारायचे?' २०१९ पासून यूसीआय, म्हणजे सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना, ई-माउंटन बाइकची जागतिक स्पर्धा घेते, एवढं सांगून विषय संपवा. तुमचं गिऱ्हाईक तसंही ते नाहीत. गुडघे कुरकुरणारे, तरी पोरासोबत रामटेकला सायकलने जायची हौस असलेले पन्नाशीचे लोक आहेत.

खरी डोकेदुखी आपला मे महिना. लिथियम बॅटरी चार्ज करायची मर्यादा साधारण ४५ अंश सेल्सिअस, आणि आपल्याकडे पारा तिथवर सहज जातो. टिनाच्या शेडखाली उन्हात उभी केलेली सायकल आणून लगेच चार्जिंगला लावली की बॅटरीचं आयुष्य गेलंच समजा. म्हणून मी बॅटरी काढून घरात नेता येईल अशीच फ्रेम घेतो आणि चार्जिंग पहाटे करायला सांगतो. वॉरंटी लिहून देण्याआधी सेल बनवणाऱ्या कंपनीचा तापमानाचा तक्ता मागून घ्या. जो पुरवठादार तो द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून माल उचलू नका.