जखम भरली, तरी हात का आखडतोय?

प्रश्न: माझ्या पाच वर्षांच्या मुलाचा हात कोपराच्या आतल्या बाजूला गरम चहाने भाजला होता. जखम भरून दोन महिने झाले, पण व्रण लाल, जाड झालाय आणि हात सरळच होत नाही. सासूबाई म्हणतात हात लावू नकोस, आपोआप सुटेल. भरलेली जखम आकसते कशी?

उत्तर: ताई, आपोआप सुटेल म्हणून थांबू नका, प्लीज. वरून कातडी आली तरी आतलं काम वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतं. भाजलेल्या जागी आजूबाजूच्या फायब्रोब्लास्ट पेशी शिरतात आणि कोलॅजनचे, म्हणजे कातडीला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे, धागे विणायला लागतात. या पेशींच्या आवरणात इंटेग्रिन नावाची प्रथिनं असतात, त्यांचं बाहेरचं टोक धाग्यांना धरतं आणि आतलं टोक पेशीतल्या ॲक्टिनच्या (पेशीला आकसायला लावणाऱ्या प्रथिनाच्या) दोऱ्यांना जोडलेलं असतं, त्यामुळे पेशी आकसली की धागाही ओढला जातो. 1980 मध्ये शास्त्रज्ञ अल्बर्ट हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉन रबराच्या अगदी पातळ पापुद्र्यावर अशा पेशी सोडल्या तर पापुद्र्याला चक्क सुरकुत्या पडल्या, इतका त्यांचा जोर!

जखमेत तर यातल्या बऱ्याच पेशी आणखी ताकदवान होतात, स्नायूच्या पेशीसारखं ॲक्टिन तयार करतात. त्यांना मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात, 1971 मध्ये गॅबियानी यांच्या टीमने त्या दाखवल्या. मोकळी जखम लहान व्हायला त्या लागतातच, पण काम संपलं की त्या मरून जायला हव्यात. मोठ्या, खोल भाजण्यात त्या रेंगाळतात, ओढत राहतात आणि ओढलेल्या जागीच नवं कोलॅजन पक्कं होतं. सांध्यावर हे झालं की हात वाकलेलाच राहतो.

जुने धागे कापणारी एन्झाइम्सही तिथेच असतात, कोलॅजनची मोडतोड आणि नवी बांधणी सोबतच चालते, म्हणून व्रण लाल आहे तोवर त्याला वळण लावता येतं. याच आठवड्यात प्लास्टिक सर्जन आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. रात्री हात सरळ ठेवणारा स्प्लिंट, दिवसा हळूहळू ताणायचे व्यायाम (हिसका अजिबात नको, कातडी फाटली की परत नवी जखम), प्रेशर गारमेंट (व्रणावर दाब देणारा घट्ट कपडा) किंवा व्रणावर लावायची सिलिकॉन शीट, यातलं काय ते तेच ठरवतील. एवढं करूनही हात सुटला नाही तर ऑपरेशन करून आकसलेला व्रण मोकळा करतात, गरज पडली तर तिथे दुसरीकडची कातडी लावतात. मूल वाढतंय, व्रण तितका वाढत नाही, त्यामुळे हात आत्ता सुटला तरी पुढची काही वर्षं तपासणी चुकवू नका.