म्युलर हटची वाट: सह्याद्रीतल्या भटक्यांचे प्रश्न

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, आओराकी म्हणजे माउंट कुकच्या परिसरात, १,८०० मीटर उंचीवर म्युलर हट आहे. लाल रंगाची, २८ जणांची. मागच्या लेखात तिचा ओझरता उल्लेख केला आणि प्रश्नांची रीघ लागली. त्यातले निवडक घेतो.

आम्ही पंधरा वर्षं सह्याद्रीत फिरतोय. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलाय. पाच किलोमीटरच्या वाटेचा एवढा बाऊ कशाला? (पुणे)

दमाचा प्रश्न नाहीच. व्हाइट हॉर्स हिलच्या कॅम्पसाइटपासून हटपर्यंत ५.२ किलोमीटर, चढ हजार मीटरच्या वर. सीली टार्न्स या तळ्यांपर्यंत २,२०० पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरतील, पण तुम्ही चढाल. चार-पाच तास धरा.

खरी वाट बदलते ती तळ्यांच्या पुढे. पायऱ्या संपतात, मळलेली वाटही संपते. गवत, मग धोंडे, मग घसारा. दर २०० मीटरला एक नारिंगी खूण. एका खुणेपाशी उभं राहून पुढची दिसली तरच पाऊल टाकायचं. ढगात शिरलात की ती दिसत नाही, आणि इथे विचारायला गुराखी भेटत नाही. धारेवर नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा मोठा खांब आहे. तो ओलांडून डावीकडे वळलं की वीसेक मिनिटांत हट.

आता हवेबद्दल. तास्मान समुद्रावरून येणारी ओली हवा पश्चिमेकडून या डोंगरांवर आदळते. आपल्या घाटमाथ्यासारखंच, फक्त इथे माथा तीन हजार मीटरचा. वायव्येचा वारा सुटला की मुख्य रांगेवरून ढग अलीकडे सांडू लागतात. शिखरावर मसुराच्या दाण्यासारखा गुळगुळीत ढग बसलेला दिसला, की वर वारा पिसाळलाय असं समजा, खाली पान हलत नसलं तरी. पाठोपाठ दक्षिणेचा गार वारा वळला तर भर जानेवारीतही बर्फ पडतो. सह्याद्रीत पावसात भिजलो तर आपण चहा घेऊन हसतो. इथे भिजलेला माणूस वाऱ्यात उभा राहिला की तासाभरात अडखळत बोलायला लागतो, आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही.

मी स्वतः दोनदा सीली टार्न्सवरून परत फिरलोय. दुसऱ्या खेपेला सॅकचं रेनकव्हर वाऱ्याने माझ्या डोळ्यांदेखत हिसकावलं आणि दरीवर पतंगासारखं नेलं. 'परत कधी फिरायचं' ती वेळ खाली, पोट भरलेलं असताना ठरवा. वर गेल्यावर प्रत्येकाला 'अजून दहा मिनिटं' सुचतात.

डिसेंबरच्या शेवटी जातोय. उन्हाळाच आहे ना तिथे? बर्फ असेल? (डोंबिवली)

उन्हाळा आहे, पण बर्फ असू शकतो. धारेखालच्या उतारांवर तो रेंगाळतो, कधी हिमस्खलनाचा धोकाही असतो. निघण्याआधी माउंट कुक गावातल्या संवर्धन विभागाच्या केंद्रात जा (या विभागाला इथे सगळे 'डॉक' म्हणतात) आणि आजची वाट कशी आहे ते विचारा. आइस ॲक्स (बर्फातली कुऱ्हाड) आणि क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लोखंडी काटे) लागतील असं ते म्हणाले आणि तुम्ही ते कधी वापरले नसतील, तर भाड्याने आणून काही साधणार नाही. घसरल्यावर ॲक्सने स्वतःला थांबवणं आधी शिकावं लागतं. अशा वेळी सीली टार्न्सपर्यंत जा, डबा खा, समोर माउंट सेफ्टनच्या हिमनद्या कडाडत कोसळताना ऐका आणि उतरा. तेवढ्यासाठीही येणं सार्थकी लागतं.

दुपारी बर्फ मऊ झाला की धोंड्यांमधल्या पोकळीवरचा थर फसवा होतो, पाय मांडीपर्यंत आत जातो. मग पायच मोडायचा. आणखी एक: दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं. सावलीचा, टणक बर्फ टिकणारा उतार म्हणजे दक्षिणेकडचा. आपली सवय नेमकी उलटी असते.

पोंचो, जीन्स आणि ट्रेकिंगचे नेहमीचे बूट चालतील का? खायला काय न्यावं? (नाशिक)

जीन्स नको, सुती बनियनही नको. सुती कपडा भिजला की अंगाला बर्फाची घडी. अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक, वर फ्लीस, सगळ्यात वर टोपीचं जलरोधक जॅकेट आणि पँट. पोंचो या वाऱ्यात शीड होतो. कानटोपी आणि हातमोजे उन्हाळ्यातही.

बूट घरीच ब्रश मारून धुवा, तळव्याच्या खाचांतली माती टाचणीने काढा. विमानतळावर जैवसुरक्षेची तपासणी असते. वापरलेले बूट, तंबू, सगळं खाद्य अर्जात लिहावंच लागतं, नाहीतर ४०० न्यूझीलंड डॉलर जागेवर दंड. आईने दिलेले लाडू 'हे काय खाणं आहे थोडंच' म्हणून लपवू नका. लिहिलंत तर फार तर ते काढून घेतील.

हटवर ऐन वेळी जागा मिळते का? पांघरूण असतं? (ठाणे)

गडावरच्या गुहेसारखं 'जाऊन बघू' इथे चालत नाही. उन्हाळ्यात डॉकच्या संकेतस्थळावर आधी आरक्षण हवं, आणि ते लवकर भरतं. गाद्या आहेत, उन्हाळ्यात गॅसच्या शेगड्या आहेत. स्लीपिंग बॅग, भांडं, ताट तुमचं. पाणी पावसाच्या टाकीतलं, उकळून प्या. कचरा परत खाली.

नवरा एकटाच जातोय. फोन लागला नाही तर मी काय समजायचं? (कोल्हापूर)

फोन लागणार नाही, असंच धरा. त्यांना पीएलबी घ्यायला सांगा, तो भाड्याने मिळतो. तळहाताएवढं यंत्र, बटण दाबलं की उपग्रहामार्फत बचाव केंद्राला जागा कळते. दाबल्यावर अँटेना वर, आकाश मोकळं, आणि जागा सोडायची नाही.

आणि तुम्ही दोघांनी कागदावर लिहून ठेवा: कुठली वाट, कधी परत, किती वाजेपर्यंत निरोप नाही आला तर न्यूझीलंडच्या पोलिसांना कळवायचं. ही वेळ सैल ठेवा, उतरायला उशीर होतोच. उन्हाळ्यात न्यूझीलंड आपल्यापुढे साडेसात तास असतं. तिथे संध्याकाळचे ७ म्हणजे कोल्हापुरात सकाळचे ११:३०. त्यामुळे तुमच्या घड्याळात दुपार आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तिथे रात्र झालेली असते.

बूट हटबाहेर ठेवायचे का? (सातारा)

काढायचे बाहेर, ठेवायचे आत. तिथे केआ नावाचा डोंगरी पोपट आहे. हिरवा, देखणा आणि अट्टल उचल्या. बुटांच्या नाड्या, सॅकची चेन, तंबूची दोरी, सगळं कुरतडतो. मोजे वाळत घातले असतील तर तेही. खायला मात्र काही घालू नका, कितीही लाडात आला तरी.